वर्गात अख्खा जिल्हा, बाकावर आपलाच तालुका

गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवरच्या एखाद्या मोठ्या कॉलेजची प्रथम वर्षाची हजेरी वाचा, नाशिक जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे येईल. सुरगाण्याचा कोकणा आदिवासी मुलगा, घरी अहिराणी बोलणारी बागलाणची मुलगी, मालेगावच्या उर्दू शाळेतून आलेला विद्यार्थी, निफाडच्या द्राक्ष बागायतदाराचा मुलगा, सातपूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या बिहारी कुटुंबातली मुलगी. मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये मात्र हाच नकाशा तालुक्या-तालुक्यांत वाटलेला दिसतो. प्रवेश नियमांनी होतात. मुलं पुढे एकमेकांत आपोआप मिसळतील असं गृहीत धरलं जातं, आणि तसं होत नाही. मोठ्या संस्थेत तर ते लहान संस्थेपेक्षाही कमी होतं.

हे कसं घडतं ते समजण्याआधी ‘मोठं विद्यापीठ’ म्हणजे नेमकं काय ते पाहायला हवं. 1949 साली स्थापन झालेलं पुणे विद्यापीठ, म्हणजे आजचं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतल्या कॉलेजांना संलग्नता देतं. नाशिकच्या बहुतेक मुलांसाठी ते गुणपत्रिकेवरचं नाव असतं, रोजचं आवार नव्हे. म्हसरूळला मुख्यालय असलेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ (1998) राज्यभरातल्या वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, नर्सिंग कॉलेजांचं. गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (1989) विद्यार्थिसंख्येने प्रचंड. नोकरदार, गृहिणी, शिक्षण अर्धवट सुटलेले, सगळे तिथे शिकतात, पण त्यांची एकमेकांशी गाठ पडते ती अभ्यास केंद्रावरच्या संपर्क सत्रापुरती. तेव्हा विद्यापीठाची विविधता हा एक आकडा झाला आणि तुमच्या तुकडीची विविधता हा दुसरा. वाट्याला येतो तो दुसरा.

आकडा काढायचा कसा

सोपी रीत अशी: वर्गातून डोळे मिटून दोन विद्यार्थी निवडले, तर ते वेगवेगळ्या गटांतले निघण्याची शक्यता किती? समजा, 60 जणांच्या तुकडीत 30 नाशिक शहरातले, 12 निफाड-सिन्नर-दिंडोरीचे, 12 बागलाण-मालेगाव-कळवणचे आणि 6 सुरगाणा-पेठ-त्र्यंबकचे आहेत. वाटे झाले 0.5, 0.2, 0.2 आणि 0.1. प्रत्येकाचा वर्ग करून बेरीज केली तर 0.34 येते. ती 1 मधून वजा केली की 0.66. म्हणजे तीनपैकी दोन जोड्या मिश्र निघायला हव्यात.

आता त्याच वर्गात जाऊन बाक मोजा. दोघांचा एक असे 30 बाक. मुलं चिठ्ठ्या टाकून बसली असती तर साधारण 20 बाकांवर मिश्र जोडी दिसली असती. प्रत्यक्षात सहा-सात दिसल्या, तर 20 आणि 7 यांच्यातली ती तफावत हाच आपला विषय. हेच गणित माध्यमावर, जातप्रवर्गावर, मुलगा-मुलगी यावरही करता येतं.

सरकारी मोजमाप पहिल्या आकड्याशीच थांबतं. उच्च शिक्षण संस्थांच्या केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत ‘सर्वसमावेशकता’ हा एक निकष आहे. त्याच्या 100 गुणांपैकी 30 बाहेरच्या राज्यांतल्या-देशांतल्या विद्यार्थ्यांसाठी, 30 महिलांच्या प्रमाणासाठी, 20 आर्थिक-सामाजिक मागास विद्यार्थ्यांसाठी आणि 20 दिव्यांगांच्या सोयींसाठी. क्रमवारीत भाग घेणारी कॉलेजं ही माहिती आपल्या संकेतस्थळावर ठेवतात. प्रवेशाआधी पालकांनी तो तक्ता जरूर उघडावा: किती मुली, किती परराज्यातले, किती जणांची पूर्ण फी परत मिळाली. मात्र कोण कोणाबरोबर जेवतं, हे त्यात कुठेच नसतं.

जागा कशा वाटल्या जातात

राज्यातल्या प्रवेशांत अनुसूचित जातींना 13 टक्के, अनुसूचित जमातींना 7, विमुक्त जातींना 3, भटक्या जमातींच्या तीन गटांना 2.5, 3.5 आणि 2, इतर मागासवर्गाला 19. बेरीज बरोबर 50. याशिवाय आर्थिक दुर्बल घटकांना 10 टक्के, आणि 2024 च्या कायद्यानुसार सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गाला 10 टक्के. वैद्यकीय प्रवेशातली 70:30 ही विभागवार वाटणी (70 टक्के जागा त्याच विभागातल्यांना, 30 टक्के राज्यभरातल्यांना) 2020 मध्ये रद्द झाली. तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्यातला मुलगा आडगावच्या वैद्यकीय कॉलेजात आणि इथला तिकडे जाण्यात विभागाची अडचण उरलेली नाही.

हे टक्के 60 जागांच्या तुकडीत उतरवले की खरं चित्र दिसतं. अनुसूचित जातींचे 8, जमातींचे 4, विमुक्त जातींचे 2. शासनाच्या तक्त्यात भक्कम दिसणारे 7 टक्के वर्गात चार मुलं होतात, आणि त्यांत मुलगी कदाचित एखादीच. 1977 मध्ये रोझाबेथ मॉस कँटर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी दाखवून दिलं होतं, की एखाद्या गटाचं प्रमाण साधारण 15 टक्क्यांच्या खाली असलं की त्यातल्या माणसाकडे ‘व्यक्ती’ म्हणून नव्हे, ‘नमुना’ म्हणून पाहिलं जातं. तो चुकला तर त्याचा अख्खा गट चुकला. म्हणून तो व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेत, बोलायचं टाळतो, आणि तो बोलत नाही म्हणून त्याला येत नाही असं ठरतं.

मग हे चार जण प्रॅक्टिकलच्या 20-20 च्या तीन बॅचमध्ये कसे बसवायचे? ‘सगळीकडे समान वाटा’ हा उत्साही उपाय इथे उलटा पडतो. तसं केलं तर दोन बॅचमध्ये एकेक मुलगा एकटा पडतो. दोन बॅचमध्ये दोघं-दोघं ठेवले आणि तिसरी तशीच सोडली, तर मिसळायला वीस जणांचा गट मिळतो आणि सोबतीला आपलं एक माणूसही असतं. कागदावर हे कमी ‘समान’ दिसतं, पण काम करतं.

मोठ्या आवारात मैत्री का आकसते

2012 मध्ये बान्स, पिकेट आणि क्रँडल या संशोधकांनी अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात मोठ्या विद्यापीठातल्या मित्रांच्या जोड्या आणि छोट्या कॉलेजांतल्या जोड्या ताडून पाहिल्या. मोठ्या, अधिक विविध आवारातले मित्र मतांनी आणि सवयींनी एकमेकांशी जास्त जुळणारे निघाले. छोट्या कॉलेजातली मैत्री काही कमी घट्ट नव्हती, उलट तिथे वेगळ्या मताची माणसं एकत्र होती.

कारण आवडीत नाही, संख्येत आहे. साठ जणांच्या कॉलेजात पेठच्या मुलाला आपल्याकडचे तीनच मिळतात. त्यातल्या दोघांशी पटलं नाही तर निफाडच्या मुलाशी बोलावंच लागतं. दोन हजारांच्या आवारात त्याला आपल्या गावाकडचे चाळीस मिळतात. त्यातून आवडीचे पाच निवडले की काम झालं. निफाडच्या मुलाचंही तेच. कोणी कोणाचा द्वेष करत नाही. निवड मोठी झाली की माणूस आपल्यासारखा शोधतो, एवढंच.

यावरून एक सरळ गोष्ट निघते: मिसळणं वाढवायचं तर आवार मोठं असून भागत नाही, त्यात लहान खोल्या पाडाव्या लागतात. अशा खोल्या, जिथे कोण शेजारी येईल हे आपण ठरवत नाही. 1950 मध्ये फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत तपासलं, तेव्हा लागून असलेल्या दारांतल्या 41 टक्के लोकांनी एकमेकांना जवळचे मित्र म्हटलं, एक दार सोडून असलेल्यांत 22 टक्के आणि मजल्याच्या दोन टोकांना फक्त 10 टक्के. काही पावलांच्या अंतराने एवढा फरक.

रोल नंबर नावाचं यंत्र

आपल्याकडे हे दार म्हणजे रोल नंबर. बॅच, प्रॅक्टिकलचा जोडीदार, प्रोजेक्टचा गट, परीक्षेतला शेजारी, सगळं त्यावर ठरतं, आणि तो कसा लावला याचा विचार बहुधा कोणीच करत नाही. दोन पद्धती प्रचलित आहेत. आडनावानुसार लावला तर एकाच पट्ट्यातली आडनावं एकत्र येतात. गायकवाडांपासून गावितांपर्यंत एका बॅचमध्ये. तरीही ही पद्धत बरी, कारण पवार, जाधव, चौधरी अशी आडनावं अनेक समाजांत आहेत. दुसरी पद्धत प्रवेशाच्या क्रमाची, आणि ती घातक. पहिल्या फेरीत आलेले पुढे, शेवटच्या फेरीत आणि संस्थेच्या कोट्यातून आलेले शेवटी. तिसरी बॅच आपोआप ‘उशिरा आलेल्यांची’ होते, आणि दिवाळीपर्यंत शिक्षकही तिला ‘ती बॅच’ म्हणू लागतात. ऑफिसात यादी चिठ्ठ्यांच्या क्रमाने लावायला संगणकावर दहा मिनिटं पुरतात.

एवढ्याने फरक पडतो का? पडतो. दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांना 2007 पासून गरीब घरांतली मुलं घेणं भाग पडलं. काही शाळांत अभ्यासाचे गट नावाच्या अक्षरक्रमाने पडायचे, त्यामुळे कोणाच्या गटात गरीब मुलगा येईल हे नशिबावर होतं. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की अशी सोबत मिळालेली श्रीमंत मुलं इतरांना मदत करायला अधिक तयार झाली, आणि रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरिबीकडे कमी आणि धावण्याकडे जास्त बघू लागली. हिंदी आणि गणिताच्या गुणांवर परिणाम झाला नाही, इंग्रजीचे मात्र किंचित घटले. ‘आमच्या मुलाच्या मार्कांचं काय’ विचारणाऱ्या पालकांसाठी हे मुद्दाम लिहिलं.

मात्र नुसतं जवळ आणून चालत नाही. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये चार अटी सांगितल्या: बरोबरीचं स्थान, सामाईक ध्येय, एकमेकांच्या मदतीशिवाय न होणारं काम, आणि वरिष्ठांचा उघड पाठिंबा. त्यातली तिसरी अट किती महत्त्वाची, हे मॅट लो यांच्या उत्तर प्रदेशातल्या क्रिकेटच्या प्रयोगात (2021) दिसतं. 1,261 तरुण, वेगवेगळ्या जातींचे. ज्यांना मिश्र संघ मिळाला त्यांची इतर जातींतली मैत्री वाढली. ज्यांच्या वाट्याला इतर जातींचे खेळाडू प्रतिस्पर्धी म्हणून आले, त्यांची घटली. आपल्या गॅदरिंगमध्ये आर्ट्स विरुद्ध कॉमर्स, होस्टेल विरुद्ध लोकल असे सामने लावतात, तेव्हा नेमका दुसरा प्रकार राबवला जातो. संघ चिठ्ठीने पाडा, सामने तेच ठेवा.

या चारही अटी एका ठिकाणी पुऱ्या करणारी गोष्ट कॉलेजात आधीपासून आहे: राष्ट्रीय सेवा योजना. वर्षाला 120 तास आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. बंधारा घालताना पाटी कोणाच्या हातातून येते हे कोणी बघत नाही, आणि डोंगराळ गावात गेल्यावर शहरातला मुलगा पहिल्यांदा सुरगाण्याच्या मुलाच्या भरवशावर असतो. बिघडतं ते दोन ठिकाणी. झोपायच्या खोल्या आणि स्वयंपाकाच्या टोळ्या मुलांना आपापल्या पाडू दिल्या, तर सात दिवस वाया. आणि भाकरी-भांडी मुलींकडे, खोदकाम मुलांकडे असं वाटप झालं, तर बरोबरीचं स्थान पहिल्या संध्याकाळीच संपतं. नव्या अभ्यासक्रमातल्या दुसऱ्या शाखेच्या निवडक विषयांनीही वेगळ्या शाखांची मुलं एका वर्गात येऊ शकतात, जर कॉलेजने ‘सायन्सवाल्यांनी हाच घ्यायचा’ असं ठोक वाटप केलं नाही तर.

वसतिगृह, खानावळ, शेवटची बस

वसतिगृहाची गोष्ट महाराष्ट्रात वेगळी आहे. राजर्षी शाहूंनी 1901 पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं उभी केली. नाशिकचं उदोजी मराठा बोर्डिंग त्याच परंपरेतलं. उलट कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका पंगतीत ठेवली. दोन्ही रचना आपापल्या जागी बरोबर होत्या. घरातून पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्या मुलाला आधी आपली माणसं लागतात, त्याशिवाय तो टिकतच नाही. आणि नुसती आपलीच माणसं मिळाली तर तो शहरात राहूनही गावातच राहतो.

आजची सरकारी वसतिगृहं खात्यांनुसार विभागलेली आहेत: आदिवासी विकासाची वेगळी, समाज कल्याणाची वेगळी, इतर मागास बहुजन कल्याणाची वेगळी. म्हणजे जगभर जे ठिकाण मिसळण्यासाठी सर्वांत उपयोगी ठरतं, ते इथे प्रवर्गाप्रमाणे मांडलेलं आहे. त्यात 2018 पासून शहरांतल्या आदिवासी वसतिगृहांची मेस बंद करून जेवणाचे पैसे थेट खात्यात देणं सुरू झालं. त्याविरुद्ध जुलै 2018 मध्ये विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या आदिवासी विकास आयुक्तालयाकडे पायी निघाले होते. वाद पैशांच्या दिरंगाईचा होता, पण सामाजिक नुकसानही झालं: रोज दोनदा जमणारी पंगत गेली. आता कोणी खोलीवर भात लावतं, कोणी खानावळीत जातं, कोणी एक वेळ मारून नेतं.

जे वसतिगृहातही नाहीत ते अप-डाऊनवाले. एसटीच्या विद्यार्थी पासात 66.67 टक्के सवलत असते, म्हणून सिन्नर, दिंडोरी, ओझरहून रोज येणारे पुष्कळ. त्यांचं कॉलेजजीवन सीबीएसवरच्या बसच्या वेळेला संपतं. नाटकाची तालीम, वादविवादाचा सराव, डान्सची प्रॅक्टिस हे सगळं संध्याकाळी पाचनंतर ठेवलं, की त्यात होस्टेल आणि शहरातलेच उरतात, आणि मुली त्याहून कमी. सांस्कृतिक विभागात ‘ग्रामीण मुलं पुढे येत नाहीत’ अशी तक्रार ऐकू येते. तालीम दुपारी बारा ते दोन ठेवून पाहिली तर त्या तक्रारीचं खरं कारण कळेल.

आणि पैसे. फ्रेशर्सची काँट्रिब्युशन, सारी डेला लागणारी साडी, इंडस्ट्रियल व्हिजिट, बॅचचा टी-शर्ट. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना नाशिकसारख्या विभागीय शहरात वर्षाला 51,000 रुपये देते: भोजनाचे 28,000, निवासाचे 15,000, निर्वाहाचे 8,000. रक्कम ऐकायला ठीक आहे, पण ती हप्त्यांनी आणि बऱ्याचदा उशिरा येते. जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे गट बनतात नेमक्या त्याच काळात, खिसा रिकामा असतो. मुलगा ‘मला आवडत नाही’ म्हणून टाळतो आणि गटाबाहेर राहतो. 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली, ती मोठीच मदत. पण राहण्या-खाण्याचा खर्च त्यात येत नाही. वर्गप्रतिनिधींनी पहिल्या सत्रात वर्गणी ठेवूच नये, किंवा कोणी किती दिले हे एकालाच माहीत असेल अशी सोय करावी.

जिथे दुखावलं जातं

उघड शिवीगाळ कमी, आडून विचारणं जास्त. ‘सीईटीला किती?’, ‘कुठल्या राउंडला लागला?’, ‘पूर्ण नाव सांग ना’. हे सगळे प्रवर्ग विचारण्याचेच मार्ग आहेत. दिल्लीच्या एम्समधल्या भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने 2007 मध्येच नवीन मुलांना प्रवर्ग विचारण्याची आणि वसतिगृहात ठरावीक मजल्यांवर दलित-आदिवासी विद्यार्थी गोळा होण्याची नोंद केली होती. कॉलेजचं ऑफिस न कळत यात भर घालतं: शिपाई वर्गात येऊन ‘एससी-एसटीच्या मुलांनी स्कॉलरशिपच्या सहीला या’ असं मोठ्याने वाचतो. निरोप मोबाइलवर ज्याचा त्याला पाठवला तर काम तेच होतं.

रॅगिंगसाठी 1800-180-5522 ही चोवीस तासांची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. महाराष्ट्राच्या 1999 च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड आणि दोषी ठरलेल्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही अशी तरतूद आहे. जातिभेदाची तक्रार समान संधी कक्ष किंवा भेदभावविरोधी अधिकाऱ्याकडे करायची. 2012 च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत ते असायला हवेत. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, लेखी आणि तीन महिन्यांच्या आत. तारीख, ठिकाण, कोण हजर होतं, हे त्याच रात्री लिहून ठेवा. मेसेजचे स्क्रीनशॉट आपल्याच मेलवर पाठवा. तक्रारीची पोच मागायची लाज वाटून घेऊ नका, पोच नसलेला कागद समितीपर्यंत पोहोचला की नाही हे सिद्ध करता येत नाही.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी एक काम प्रवेशाच्याच आठवड्यात उरकावं. सरकारी वसतिगृहाचा अर्ज भराच, जागा मिळणार नाही असं वाटत असलं तरी. स्वाधार आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची स्वयम् या दोन्ही योजना वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी आहेत. त्या अर्जाची प्रत, उत्पन्नाचा दाखला, भाडेकरार आणि आधारशी जोडलेलं बँक खातं एका फाइलमध्ये तयार ठेवा. आणि पहिल्या सत्रापासून 75 टक्के हजेरी सांभाळा, कारण पुढची रक्कम त्यावर अडते.